सुरंगीच्या दिवसांत

सुरंगीचा वास आधी येतो, फूल मागाहून दिसतं. फाल्गुनात कुणा अनोळखी बाईच्या अंबाड्यातून तो असा अवचित येतो आणि माझं मन जागेवर राहत नाही. आधी वास, मग ती जुनी मैत्रीण. तिचं नाव त्याहूनही उशिरा.

वेंगुर्ल्याजवळ, आसोलीच्या बाजूला तिचं घर. मागच्या परड्यात सुरंगीचं जुनं झाड. या झाडाची फुलं जून फांदीच्या अंगालाच बिलगून येतात, आणि ऊन चढलं की कळ्या उमलून मधमाश्यांची झुंबड उडते, म्हणून त्या खुडायच्या पहाटेच. तिचे काका वर चढायचे, आम्ही खाली जुनं लुगडं धरून उभ्या. मग पडवीत बसून ती वळेसर करायची. एकेक कळी उचलून, देठ चाचपून, सुईत ओवायची. पिवळ्या केसरांची धूळ तिच्या नखांत, मनगटावर, कधी कपाळावरही. बोलायची फार थोडं. "वास घेवन बघ गो," एवढंच, आणि भरली ओंजळ माझ्या नाकाशी.

पुढे तिचं लग्न झालं, मी मुंबईला आले. भांडण नाही, रुसवा नाही. निरोप तेवढा घ्यायचा राहिला.

अर्धवट सुटलेलं काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहतं, असं मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली लिहून ठेवलं. माणसांचंही तसंच होत असावं. पण सुरंगी दरवळते तेव्हा मला एवढ्यावर समाधान वाटत नाही. कारण तिच्याबरोबर आणखी कुणीतरी येतं: तिच्याशेजारी, पडवीच्या गार जमिनीवर, सकाळभर एक शब्द न बोलता बसलेली मी. आईला माहीत होती ती मी निराळी, ऑफिसात, संसारात वावरले ती निराळी. ही गप्प, भरलेली, कशाचीच घाई नसलेली मुलगी फक्त तिच्याच ओळखीची. तिला सांभाळून ठेवणारं माणूस जगात एकच, आणि तेच दूर गेलेलं. मग मन त्या परड्याकडे पुन्हा पुन्हा वळणार नाही तर काय करील! किती वर्षं गेली. अजून वळतं.

चैत्रात मी आसोलीला जाणार आहे. तिच्या माहेरी कुणी ना कुणी असेलच. तिचा पत्ता विचारीन. तुमच्याही मनात असं कुणी येत असेल, तर तुम्हीही विचारा.