डबा बिस्किटांचा, आत लाडू

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण हॉस्टेलवर राहणाऱ्या प्रत्येकाला पटेल अशी गोष्ट सांगते. घरून आलेल्या डब्यावर चित्र असतं बिस्किटांचं आणि आत निघतात बेसनाचे लाडू! व्हिडिओ फाईलचं अगदी असंच आहे. एव्हीआय, एमकेव्ही, एमपी४ ही नावं डब्याची. आत चित्र आणि आवाज कोणत्या पद्धतीने दाबून भरलाय, ते सांगतो कोडेक. डबा ओळखीचा असला तरी आतला पदार्थ प्लेअरच्या ओळखीचा असेलच असं नाही.

माझ्या रूममेटच्या बाबांनी जुन्या सीडीवरची एक फाईल पाठवली. तिच्या आजोबांच्या एकसष्टीची, २००८ ची. आजोबा आता नाहीत. तिला ते फोटोतलेच आठवतात. फाईल लावली तर आजोबा तिला हाक मारतायत, आणि स्क्रीन काळी ठिक्कर! नेटवर शोधलं, तर एका पानावर भलंमोठं बटण: 'कोडेक नाही, इथे क्लिक करा.' ती करणारच होती.

मी म्हटलं, "थांब गं! आवाज येतोय म्हणजे फाईल बहुतेक शाबूत आहे. आधी आत काय आहे ते तर बघू."

मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर फाईल न चालवताच आतली माहिती दाखवतं. कोडेक निघाला एक्सव्हिड. (डिव्हएक्सची इंग्रजी अक्षरं उलटी वाचा, हेच नाव मिळतं!) व्हीएलसीला तो चांगला ओळखीचा. लावलं आणि चित्र आलं. आजोबांच्या कडेवर फ्रॉकमधली एक रडकी मुलगी! मग रूममेटही रडली, ते सोडा.

ते बटण घातक का? कोडेकच्या नावाखाली उतरते एक्झी फाईल, आणि ती चालवायला 'येस' आपणच म्हणतो. २००५-०६ च्या सुमारास झ्लॉब नावाचा ट्रोजन व्हिडिओ कोडेकचं सोंग घेऊनच पसरला होता. माणूस घाईत असतो, आणि चोर त्या घाईवरच टपलेला असतो.

व्हीएलसीत बहुतेक कोडेक आधीच असतात, वेगळा पॅक लागत नाही. मात्र तो घ्यायचा व्हिडिओलॅनच्या स्वतःच्या साइटवरूनच, सर्चमधल्या जाहिरातीवरून नाही. लिनक्सवाल्यांनी आपल्या डिस्ट्रोच्या रिपॉझिटरीतून. साइटवरचा एसएचए-२५६ आपल्या फाईलशी जुळवून बघा, दोन मिनिटांचं काम. आणि हो, या प्लेअरची सुरुवात १९९६ मध्ये एकोल सांत्राल पॅरिस या इंजिनीअरिंग कॉलेजच्या मुलांनी प्रोजेक्ट म्हणून केली. आपल्यासारख्याच पोरांनी!

दिवाळीत घरी गेलात की कपाटातल्या जुन्या सीड्या काढा. त्या खराब व्हायच्या आत दोन ठिकाणी कॉपी करा. कोडेक नंतर शोधता येईल, त्या सीडीतली माणसं पुन्हा शूट करता येणार नाहीत.