सातवी पायरी

सांगलीच्या गावभागातील त्या घराच्या जिन्याला एकोणीस पायऱ्या आहेत. त्यांतील सातवी आप्पांची म्हणून ओळखली जाई. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी तळमजल्यावर शिरले, तेव्हा कपाटातील वसतिगृहाच्या शिष्यवृत्तीची सारी दफ्तरे भिजून लगदा झाली होती. पाणी ओसरल्यावर आप्पांनी दोन गोष्टी ठरवल्या. यापुढे कागद वरच्या खोलीत राहतील, आणि विद्यार्थ्यांचे अर्ज ई-मेलने घेतले जातील. दोन्ही निर्णय योग्यच होते. अडचण एवढीच होती, की वायफायचा डबा खाली ओसरीवर होता आणि दीड-दीड फुटांच्या भिंती ओलांडून त्याची शक्ती जेमतेम सातव्या पायरीपर्यंत पोचत असे. मग रोज सकाळी दहा वाजता आप्पा लॅपटॉप छातीशी धरून बारा पायऱ्या उतरत, सातवीवर बसत, आलेली पत्रे उतरवून घेत, लिहून ठेवलेली उत्तरे धाडत आणि पुन्हा वर जात. सूनबाईंनी त्या पायरीवर एक लहानशी गादीही घालून ठेवली होती.

शहात्तराव्या वर्षी हातात यंत्र घेऊन जिना चढणे-उतरणे मुलाला पाहवत नव्हते. गेल्या जुलैत त्याने घरात मेश वायफाय बसवले. जुन्या घरांना ही रचना खरोखर सोयीची. एकच डबा सगळीकडे ओरडण्याऐवजी तीन लहान डबे एकमेकांकडे निरोप पोचवतात. पहिला मुख्य तारेला जोडलेला, दुसरा जिन्याच्या वळणावर, तिसरा वरच्या खोलीत. तिघांचे नाव एक, पासवर्ड एक, आणि माणूस घरात कुठेही फिरला तरी जवळचा डबा त्याला सांभाळून घेतो. पाच गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर थकते, २.४ गिगाहर्ट्झची लहर सावकाश, पण भिंतीतून अधिक चिवटपणे जाते. दोन्हींचा मेळ हे डबे आपले आपण घालतात. रविवारी दुपारी मुलाने सारे जोडले, जुन्या डब्याचे वायफाय बंद केले आणि मोबाइलवरील ॲपमध्ये घरातील उपकरणांची यादी उघडली. एकेक नाव उमटत गेले, तशी तो त्यांची वर्गवारी करत गेला. तेरा वर्षांच्या मुलाच्या अभ्यासाची त्याला काळजी होती, त्यामुळे त्या बाबतीत तो विशेष काटेकोर राहिला.

सोमवारी दहा वाजता आप्पा पायरीवर न जाता आपल्या खुर्चीतच बसले. वायफायच्या खुणेच्या सगळ्या कमानी भरलेल्या होत्या. वर्तमानपत्र उघडले. मार्केट यार्डातील हळदीचे भाव उघडले. मेल मात्र येईना. ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही,’ एवढेच वाक्य पडद्यावर येई. ब्राउझरमधून पाहिले तर ते पानही बराच वेळ फिरत राही आणि मग हात वर करी. आप्पा उठले, लॅपटॉप घेऊन सवयीने सातव्या पायरीवर जाऊन बसले. तिथेही तेच.

“आप्पा, तुम्हीच काहीतरी दाबलं असेल,” मुलगा संध्याकाळी म्हणाला. त्यात राग नव्हता. दिवसभर अडत दुकानात उभ्या राहिलेल्या माणसाचा तो थकवा होता. आप्पा काही बोलले नाहीत. आपण खरेच काही दाबले का, हे ते आठवत राहिले असावेत.

पुढचे चार दिवस मुलाने उपाय केले, आणि ते सर्व आपापल्या जागी बरोबर होते. तिन्ही डबे बंद करून पुन्हा चालू केले. मेलच्या प्रोग्रॅममधील क्रमांक तपासले. येणाऱ्या मेलसाठी ९९३ आणि जाणाऱ्या मेलसाठी ४६५ किंवा ५८७ हे दरवाजे असतात, ते नीट भरलेले होते. नेट पुरवणाऱ्या कंपनीला फोन केला. “आमची लाइन चालू आहे, मेलवाल्यांना विचारा,” असे उत्तर मिळाले. मेलवाल्यांनी नेटवाल्यांकडे बोट दाखवले. बुधवारी त्याने दुकानातील संगणकावरून खात्याचा पासवर्ड बदलला, आणि हंगामाच्या धावपळीत तो लॅपटॉपमध्ये भरायचे राहून गेले. गुरुवारी एका मित्राने उत्तम सल्ला दिला: घरचे वायफाय सोडून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून पाहा, तिथे मेल चालली तर दोष घरच्या वायफायमध्ये, नाही तर यंत्रात. कसोटी अचूक होती. पण जुना पासवर्ड लॅपटॉपमध्ये तसाच असल्याने मेल तिथेही चालली नाही, आणि खऱ्या कसोटीने खोटा निकाल दिला. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या, की दोष कुणाचा हे शेवटी कुणालाच सांगता येत नाही. हिशेबात हे ज्याला समजते त्याला यंत्राच्या बाबतीत मात्र समजत नाही, असे का होते कोण जाणे.

“लॅपटॉपच गेलाय,” मुलाने जाहीर केले. “नवा घेऊ. आणि आप्पा, आता तुम्हाला हे सगळं करायची गरज तरी काय आहे?”

शुक्रवारी सकाळी जत तालुक्यातून एक गृहस्थ एस.टी.ने आले. त्यांच्या मुलीने शिष्यवृत्तीचा अर्ज आठवड्यापूर्वी पाठवला होता, कागद पुरे आहेत का असे विचारणारी आणखी दोन पत्रेही पाठवली होती. ३१ तारीख जवळ येत चाललेली. “उत्तर आलं नाही, म्हटलं समक्षच जावं,” ते हात जोडून म्हणाले. त्या दिवसाचा रोजगार बुडवून ते आले होते. आप्पांनी त्यांचे कागद पाहिले. उत्पन्नाचा दाखला जुन्या वर्षाचा होता. एका ओळीच्या मेलने जे सांगता आले असते, ते ऐकून ते गृहस्थ दुपारच्या गाडीने परत गेले. पाणी दिले, जेवू घातले, तरी आप्पांच्या चेहऱ्यावरचा भाव दिवसभर गेला नाही. त्या रात्री त्यांनी एका कोऱ्या कागदावर वसतिगृहाच्या समितीला पत्र लिहिले. वयोमानानुसार हे काम आता आपल्याकडून होत नाही, तरी मोकळे करावे, एवढाच मजकूर. कागद चष्म्याच्या घराखाली ठेवला.

शनिवारी खोली झाडताना सूनबाईंना तो दिसला. त्यांनी तो वाचला, होता तसा ठेवला, आणि कुणाला काही सांगितले नाही. दुपारी मात्र वही-पेन घेऊन त्या आप्पांच्या शेजारी येऊन बसल्या. दुकानाचा हिशेब गेली चौदा वर्षे त्याच लिहितात. ताळेबंद जुळेना की त्या नोंदी एकेक करून तपासतात, आणि तपासलेल्या नोंदीपुढे खूण करतात.

“आप्पा, पहिल्यापासून करू. घाई नाही.”

त्यांनी वसतिगृहाचे खाते आधी आपल्या मोबाइलवर, घरच्या वायफायवर उघडले. नवा पासवर्ड घातला. पत्रे धडाधड उतरली. म्हणजे खाते ठीक, वायफायही ठीक. वहीत दोन खुणा झाल्या. मग लॅपटॉप हॉटस्पॉटवर जोडला. पडद्यावर वाक्य आले, आणि त्या थांबल्या.

“आज हा वेगळं बोलतोय. रोज ‘संपर्क होत नाही’ म्हणायचा. आता ‘पासवर्ड चुकला’ म्हणतोय.”

गुरुवारीही तो हेच म्हणाला असणार. पण वाचले कुणी होते? नाही म्हणणाऱ्या यंत्राचे ‘नाही’ तेवढे आपण ऐकतो. नवा पासवर्ड भरताच हॉटस्पॉटवर लॅपटॉपची मेल चालू झाली. तिसरी खूण. लॅपटॉप पुन्हा घरच्या वायफायवर आणला, आणि मेल बंद.

आता वहीत एक विचित्र ताळेबंद उभा राहिला. खाते निर्दोष, वायफाय निर्दोष, लॅपटॉप निर्दोष. पण हा लॅपटॉप या वायफायवर आला, की मेल नाही. दोघेही त्या पानाकडे पाहत राहिले. नातू दाराशी उभा होता.

“आजोबा, माझ्या टॅबवरपण अस्संच होतं. गोल गोल फिरतं, मग येतच नाही. बाबांनी बंद केलंय ना.” मग जरा विचार करून त्याने विचारले, “तुमचंपण बंद केलंय का?”

सूनबाईंनी मान वर केली.

तो लॅपटॉप मुळात नातवाचा होता. २०२० मध्ये शाळा घरून भरू लागली तेव्हा घेतलेला. पुढे नातवाला टॅब मिळाला आणि लॅपटॉप आप्पांकडे आला. नातवाने हौसेने त्याला दिलेले स्वतःचे नाव कुणी बदललेच नव्हते. रविवारी ॲपच्या यादीत तेच नाव उमटले, आणि मुलाने ते निर्धास्तपणे मुलांच्या गटात टाकले. त्या गटात लहान वयासाठी काही प्रकार आधीच बंद केलेले असतात. खेळ, समाजमाध्यमे, आणि गप्पा-संदेशांची साधने. मेल त्या शेवटच्या प्रकारात बसत होती. वर्तमानपत्र आणि हळदीचे भाव कशातच बसत नव्हते, म्हणून ते बिनबोभाट उघडत होते. आणि अडवणारा डबा ‘मी अडवले आहे’ असे सांगतही नाही. आजकालच्या बहुतेक जोडण्या कुलूपबंद असतात, त्यांच्या मध्ये घुसून त्याला स्वतःची सूचना दाखवता येत नाही. तो नुसता गप्प राहतो. मेलच्या प्रोग्रॅमला वाटते सर्व्हर सापडत नाही, घरातल्यांना वाटते यंत्र बिघडले, आणि यंत्रासमोर बसलेल्या वृद्ध माणसाला वाटते, आपलेच काही चुकले.

मुलगा दुकानातून आला तेव्हा सूनबाईंनी काही न बोलता त्याच्यापुढे वही ठेवली. त्याने वाचली. मोबाइल काढला, यादी उघडली, आणि मुलाच्या नावाखाली टॅबच्या खालोखाल असलेल्या त्या दुसऱ्या ओळीकडे तो बराच वेळ पाहत राहिला. मग ती ओळ त्याने त्या गटातून काढली.

वर लॅपटॉप किणकिणू लागला. साठलेली एक्केचाळीस पत्रे एकामागून एक उतरत होती. मुलगा जिना चढून वर आला आणि खुर्चीमागे उभा राहिला. काही बोलायचे होते, ते त्याला जमेना.

“याचं नाव बदलतो, आप्पा,” तो शेवटी म्हणाला. “म्हणजे पुन्हा घोळ नको. काय नाव देऊ?”

आप्पांनी चष्मा घेतला. घराखालचा कागद उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर अर्जदारांची नावे उतरवायला सुरुवात केली.

“ते मागाहून बघ,” ते म्हणाले. “आधी जतच्या मुलीला कळवू दे. चालू वर्षाचा दाखला फोटो काढून पाठवला तरी चालेल म्हणावं. वडिलांनी पुन्हा यायचं नाही.”