नाच कुणासाठी?

लोणी देवकरहून पुण्याला नोकरीस गेलेली माझी पुतणी शनिवारी रात्री मैत्रिणींबरोबर क्लबात साल्सा नाचायला जाते. हे गावी कळताच वहिनींनी तिच्याशी अबोला धरला. "नाचायलाच पोरीला शिकवली का?" त्यांची भीती खोटी नाही. आपल्याकडे गरिबाची बाई पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी नाचली आणि दौलतजादा करणाऱ्याने तिची किंमत ठरवली.

मी वहिनींना एवढेच म्हणालो, की हिच्यावर कुणी पैसे उधळत नाही. क्लबाचे तिकीट ती स्वतःच्या पगारातून काढते. जोडीदार नको असेल तर तोंडावर 'नको' म्हणते.

शिवाय साल्सा म्हणजे श्रीमंतांचे थेर नव्हेत. क्युबात गुलाम म्हणून राबवलेल्या आफ्रिकी माणसांचा ठेका आणि स्पॅनिश गाणे यांतून 'सोन' जन्मले. तेथील गुलामगिरी १८८६ साली संपली. न्यूयॉर्कच्या कष्टकरी वस्त्यांत त्याच परंपरेतून पुढे साल्सा घडला.

आपल्या राज्याने २००५ साली डान्सबारवर बंदी घातली, पण तीन तारांच्या व त्यावरील हॉटेलांना सूट दिली. म्हणजे श्रीमंताच्या दारी करमणूक, गरिबाच्या पोरीचा तो गुन्हा! उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम केला.

आईबापांनो, पोरगी रात्री घरी कशी परतते हे जरूर विचारा. पण ती स्वतःच्या आनंदासाठी नाचत असेल, तर मान खाली घालू नका.