वाईन, केळी आणि आप्पांचं नाक

‘घरच्या घरी रेड वाईन कशी पारखायची, सहाशे शब्द, सोमवारपर्यंत.’ एडिटरचा फोन आला तेव्हा मी फैजपूरच्या बसमध्ये होते. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठवडाभराची सुट्टी (फ्रीलान्सरला सुट्टी असते असं मानलं तर!) आणि बॅगेत, स्वेटरमध्ये गुंडाळलेल्या तीन बाटल्या. विषय आधीच ठरला होता, डेडलाइन तेवढी पुढे सरकून आली होती.

पुण्यात हे सोपं असतं. चार मैत्रिणी, चीझ, थोडी शायनिंग. पण फैजपूर म्हणजे १९३६चं काँग्रेस अधिवेशन. खेड्यात भरलेलं पहिलं, अध्यक्ष नेहरू, आणि नंदलाल बोस यांनी बांबूंतून सजवलेलं टिळकनगर. ते बांबू वाहणाऱ्यांत आमचे पणजोबा होते, असं घरात सांगतात. शिवाय माझे काका दारूने गेले, मी आठवीत असताना. तेव्हापासून आमच्याकडे तो शब्दही कुणी काढत नाही.

बाटल्या आप्पांना दुसऱ्याच दिवशी सापडल्या.

‘हे काय व?’

‘वाईन आहे, आप्पा. लिहायचंय तिच्यावर. कामाची आहे.’

‘तुह्या काकाची बी औषधाचीच व्हती,’ एवढंच म्हणाले आणि शेतात निघून गेले.

‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ हा वाद २०२२मध्ये सुपरमार्केटच्या निमित्ताने अख्ख्या महाराष्ट्राने घातला. मीही तावातावाने लिहिलं होतं. त्या दुपारी मात्र त्यातलं एकही वाक्य मला आप्पांसमोर म्हणवलं नसतं.

रात्री आई झोपल्यावर गच्चीवर गेले. तिन्ही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, वर १, २, ३ लिहिलं. लेबल दिसलं की जिभेआधी किंमत बोलायला लागते. आणि हे फक्त आपल्यासारख्या हौशी लोकांचंच होतं असं नाही. २००१मध्ये फ्रान्सच्या बोर्दोमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाईनचंच शिक्षण घेणाऱ्या ५४ जणांना पांढरी वाईन लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिला बहुतांशी रेडचेच शब्द वापरले!

ग्लास एक तृतीयांशच भरला. मागे पांढरा कागद धरून रंग पाहिला. जांभळट झाक असेल तर वाईन कोवळी, विटकरी असेल तर जुनी. डिसेंबरची गच्ची, वाईन गारठलेली, म्हणून ग्लास तळहातांत धरून ऊब दिली. (उन्हाळ्यात उलटं करा. ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे युरोपातली खोली, १६ ते १८ अंश. मे महिन्यातलं फैजपूर नव्हे. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.) मग ग्लास गोल फिरवून वास घ्यायला नाक घातलं, तर मागून बाज करकरली.

‘दाखव, काय काम आहे ते.’

आप्पा केळीवाले. घडावरच्या केळ्यांचे कोन किती बुजलेत हे पाहून, तो आज कापायचा की आठ दिवसांनी, हे ते सांगतात. मी घाबरत समजावू लागले. जिभेच्या कडांना पाणी सुटलं तर आंबटपणा. हिरड्या आवळल्या तर टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांचा तुरटपणा. घशात ऊब लागली तर अल्कोहोल. गिळल्यावर चव किती वेळ राहते ते मनात मोजायचं.

‘कच्चं केळं खाल्ल्यावानी हिरड्या व्हतात का?’

अगदी तसंच! मी इतकी वर्षं ‘मखमली टॅनिन्स’ लिहीत होते, आणि सीडरचं लाकूड मी आयुष्यात हुंगलेलं नाही.

त्यांनी एक थेंब घेतला नाही. फक्त वास. पहिलीला म्हणाले, ‘जांभूळ, अन् मिऱ्याची पूड.’ ती नाशिकची शिराझ होती. मिऱ्याचा वास हीच शिराझची खूण. दुसरी अकलूजकडची सांजोव्हेझे. तिला म्हणाले, ‘हिच्यात आंबट जास्त. जेवणाची दिसते.’ खरंय. त्या संध्याकाळच्या भरितावर शिराझ घेतली असती तर हिरव्या मिरच्यांनी दुप्पट आग लावली असती. अल्कोहोल आणि टॅनिन तिखटाला चेव आणतात.

तिसरीवर मात्र ते थांबले. दोनदा हुंगलं.

‘ही उतरली. पिकवायच्या खोलीत घड इसरला का असाच वास येते.’

तिसरी सगळ्यात महाग, एका लाँचला भेट मिळालेली. एप्रिलपासून माझ्या पुण्याच्या किचनमध्ये फ्रिजच्या डोक्यावर उभी. उष्णतेने वाईन फुगते, बूच वर सरकतं, हवा आत शिरते. मी पुन्हा हुंगलं. शिजवलेला मुरंबा, आणि त्यामागे व्हिनेगर, नेलपॉलिश. स्पष्ट!

आता कबुली देते. या बाटलीची टेस्टिंग नोट मी बसमध्येच लिहून ठेवली होती. ‘पिकलेली जांभळं, व्हॅनिला, लांब रेशमी शेवट.’ मागच्या लेबलवरून उतरवलेली, आणि पाचपैकी साडेचार स्टार. अशी नोट ही पहिलीच नव्हती. मोबाइल काढून ती त्यांच्यासमोर पुसली. कशाला, ते त्यांनी विचारलं नाही.

‘राह्यलेली किती दिवस टिकते?’

‘घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवस.’

तिसरी त्यांनी मोरीत ओतली. बाकीच्या दोन्हींची झाकणं स्वतः आवळली, स्वेटरमध्ये गुंडाळली आणि माझ्या बॅगेत ठेवली.

‘घेऊन जाय,’ म्हणाले. ‘फ्रिजमधी नको. तुह्या काकूले दिसीन.’