आपल्या माणसाचें माप

पोशीरच्या माळावर क्रिकेट खेळणाऱ्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस परवां विचारिलें, "सर, आपण विजय हजाऱ्यांची नेहमीं स्तुतीच करितां, त्यांच्यांत उणें असें कांहींच नव्हतें काय?" प्रश्न आमच्या मनास लागला. सांगलीस १९१५ सालीं जन्मलेला हा फलंदाज आमच्याच ख्रिस्ती समाजांतला. अभिमानाच्या भरांत आमचें माप खोटें झालें होतें.

गुण तर निर्विवाद. १९४८ सालीं अ‍ॅडिलेड येथें ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध एकाच कसोटींत त्यांनीं ११६ व १४५ धावा काढिल्या. दुसऱ्या डावांत लिंडवॉलनें ७ गडी बाद केले. आपला संघ डावानें हरला, पण हजारे डगमगले नाहींत. मात्र १४ कसोट्यांत नायकत्व करून त्यांनीं एकच जिंकिली, १९५२ सालची मद्रासची. ती भारताची पहिलीच जीत, हें खरें. परंतु फलंदाजास तारणारी सावधगिरी नायकास नडली. सामना जिंकण्यापेक्षां वांचविण्याकडेच त्यांचा ओढा अधिक असे.

हें ऐकून मुलाचा आदर ओसरेल, असें आम्हांस भय होतें. तो म्हणाला, "आतां अ‍ॅडिलेडची स्तुतीही खरी वाटते!"

विद्यार्थिमित्रहो, आपल्या माणसाचें मोल करितांनाही तराजू सरळच धरावा.