प्रशासकीय सोय

कचेरीच्या मराठीत काही शब्द असे आहेत की, त्यांचा कोशातला अर्थ एक आणि कचेरीतला दुसराच. 'प्रशासकीय सोय' ही त्यांतलीच एक जोडगोळी. आस्थापना शाखेत माझी 31 वर्षे गेली. या सोयीसाठी निघालेले बदलीचे कितीतरी हुकूम मी जावक वहीत चढवले. सोय नेमकी कोणाची, हे हुकुमात कधी लिहिलेले नसे. पण शिपायापर्यंत साऱ्यांना ते ठाऊक असे.

1984 सालचा एक हुकूम माझ्या मनातून जात नाही. आमच्याकडे एक टंकलेखिका होती. अंगाने किरकोळ, हाताने चपळ, डब्यातली चटणी आग्रहाने वाढणारी. तिच्या शाखेचे अधिकारी कागद द्यायच्या निमित्ताने तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहत आणि नको तितके वाकत. वर्षभर सोसून अखेर तिने वरिष्ठांकडे अर्ज केला. त्यावर साहेबांना कोणी रागावले नाही आणि तिलाही कोणी वावगा शब्द बोलले नाही. झाले इतकेच की, पुढल्या आठवड्यात तिचे यंत्र खिडकीपासून उचलून जिन्याखालच्या अंधारात ठेवले गेले. मग तिच्याकडे कागद येईनासे झाले. मग 'काम समाधानकारक नाही' असा शेरा आला. दुपारी डबे उघडत, तेव्हा तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. आम्हा बायकांचे तिच्याशी वैर थोडेच होते? भीती होती. तीन महिन्यांनी प्रशासकीय सोयीसाठी तिची लांबच्या तालुक्याला बदली झाली. पदरात दोन वर्षांचे मूल. तिने राजीनामा दिला. फाइल उघडून पाहावी तर सारे कसे नियमाला धरून! सूड हा शब्द एकाही कागदावर नव्हता.

आपल्या कायद्याला ही गोष्ट कळायला पुढे बरीच वर्षे लागली, आणि कळली तीही कचेरीतल्या कोणामुळे नव्हे. राजस्थानातल्या भटेरी गावची भंवरीदेवी सरकारी महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' होती. बालविवाह थांबवणे हे तिचे कामच. ते तिने केले म्हणून 1992 साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 1995 साली सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिले. महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 13 ऑगस्ट 1997 रोजी 'विशाखा' खटल्याचा निकाल लागला. त्यातली दोन वाक्ये मला बाकीच्या साऱ्या निकालाहून मोलाची वाटतात: तक्रार करणारीला किंवा साक्षीदारांना त्यापायी त्रास होऊ नये, आणि बदली आपली व्हावी की त्रास देणाऱ्याची, हे मागण्याची मुभा तिला असावी.

निकालाचा कायदा व्हायला आणखी 16 वर्षे गेली. 2013 च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे असतील तिथे अंतर्गत समिती आली. बाराव्या कलमाप्रमाणे, चौकशी चालू असताना बाईने लेखी मागितले तर समिती तिची किंवा त्याची बदली, अथवा तिला तीन महिन्यांपर्यंतची जादा रजा सुचवू शकते. नियमांत तर असेही आहे की, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने तिचा गोपनीय अहवाल लिहू नये, म्हणून ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देता येते. हा नियम लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी कचेरीचे पाणी प्यायलेले असावे!

निवृत्तीनंतर एका महिला संस्थेच्या वतीने मी दोन-तीन ठिकाणच्या समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून जाते. चौकशीतले काही सांगणार नाही. सोळाव्या कलमाने माझे तोंड बांधले आहे. पण माझी रीत सांगायला हरकत नाही. पहिल्याच दिवशी मी तक्रारदार बाईची बसायची जागा, तिच्याकडचे काम, हजेरी आणि मागचे दोन अहवाल यांची नोंद करून घेते. सूड पावलापावलाने येतो आणि त्याचे प्रत्येक पाऊल सुटे पाहिले तर निष्पाप दिसते. कालची खुर्ची कुठे होती हे लिहिलेले असेल, तरच आजची हललेली दिसते. एकदा एक अधिकारी वैतागून म्हणाले, "म्हणजे तक्रार केली की बाईंना कामाचा जाबही विचारायचा नाही का?" मी म्हटले, "विचारा की! फक्त शेजारच्या टेबलाला विचारता तोच विचारा."

चौकशी संपली तरी तीन आणि सहा महिन्यांनी मी पुन्हा नोंद मागते. बाराव्या कलमातला दिलासा चौकशीपुरता, आणि सूड घेणाऱ्याला घाई कुठे असते?

मला खरा घोर असतो तो साक्षीदारांचा. 'विशाखा'ने त्यांचे नाव घेतले होते. बाराव्या कलमात ते नाही. आणि पाहणारा बहुधा चहा आणणारा किंवा केर काढणारा असतो, ठेक्यावरचा. त्याची बदली करावी लागत नाही. पुढच्या महिन्याच्या यादीत नाव नसले की झाले. म्हणून दर महिन्याच्या सात तारखेला मी ठेकेदाराला फोन करून सगळी यादी वाचून दाखवायला सांगते. सगळी, म्हणजे मला कोणाचे नाव ऐकायचे आहे ते त्याला कळत नाही. तो हल्ली फोन उचलताच "आहेत मॅडम, सगळे आहेत" म्हणतो. मी म्हणते, "तरी वाचा."