हिशेब वर्षांचा मांड

चिखली

चि. भाऊस,


पोरीला पुरातत्त्व शिकायचंय, तर ‘खापरं उकरून पोरगी खाईल काय?’ हे तू फोनवर विचारलंस, त्याचं उत्तर घाईत देण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले. वाचून झालं की पोरीच्या आईलाही वाचून दाखव. निर्णय तुम्हा तिघांचा आहे.

आधी पैशाचं बोलू, कारण तुझी भीती तिथूनच सुरू होते. पुरातत्त्वाचं शिक्षण महाग असतं असं तुला कुणीतरी सांगितलंय, ते खरं नाही. बी.ए. झालं की पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दोन वर्षांचं एम.ए. करता येतं. कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, प्रवेश परीक्षा द्यावी लागते. संस्था जुनी, १८२१ची. १९३९ साली ती संशोधन संस्था झाली आणि त्याच वर्षी ह. धी. सांकलिया तिथे रुजू झाले. नेवासे, इनामगाव इथली उत्खननं तिथल्याच माणसांनी केली. सरकारी अनुदानावर चालणारी जागा आहे, त्यामुळे फार्मसी किंवा इंजिनिअरिंगला लोक जी फी भरतात तिच्यापुढे इथली फी किरकोळ. पुणे नको वाटत असेल तर नागपूर विद्यापीठातही प्राचीन इतिहास आणि पुरातत्त्वाचा जुना विभाग आहे. विदर्भातलं बरंचसं खोदकाम त्यांनीच केलेलं.

खर्च येतो तो राहण्या-खाण्याचा. दोघी-तिघींत खोली घेतली तर मेस धरून महिन्याला दहा-बारा हजार लागतील असा माझा अंदाज. दोन वर्षांचे अडीच लाख धर. त्यातला काही भाग शिष्यवृत्तीतून भरून निघतो, पण पैसे वेळेवर हातात पडतील असं धरून चालू नकोस.

आता तू ज्याचा हिशेब मांडलाच नाहीस ते. या शिक्षणात पैशापेक्षा वर्षं जास्त जातात. एम.ए. झालं की नोकरी, असं इथे नाही. प्राध्यापक व्हायचं तर नेट आणि पीएच.डी. मिळून आणखी पाच-सहा वर्षं. नेटमध्ये जेआरएफ मिळाली तर महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात आणि तिचं तिला भागतं, पण ती थोड्यांनाच मिळते. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची ग्रेटर नोएडाला संस्था आहे. तिथे दोन वर्षांची पदविका करताना विद्यावेतनही देतात, पण एका तुकडीत जागा अवघ्या पंधराच्या आसपास. खात्यातल्या वरच्या जागा यूपीएससीतून भरतात. उपअधीक्षक पुरातत्त्वज्ञाचा मूळ पगार ५६,१०० रुपयांपासून सुरू होतो, म्हणजे जागा मिळाली तर ती चांगलीच. पण जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचंही तसंच. मधल्या काळात संग्रहालयात, जतनाच्या कामांवर, एखाद्या प्रकल्पावर कंत्राटी काम मिळतं. आज आहे, सहा महिन्यांनी नाही. पोरीला तिशीपर्यंत कायमची नोकरी लागणार नाही, हे धरूनच पुढचं वाच.

मग तू म्हणशील, कामच नाही तर शिकायचं कशाला? इथेच तुझी गफलत होते आहे, भाऊ. काम ढीगभर आहे, पण त्याचे पैसे कुणी द्यायचे हे आपल्या कायद्याने ठरवलेलं नाही. इंग्लंडात १९९० पासून नियोजनाच्या नियमांत असं आलं की जो बांधकाम करील त्याने आधी जमिनीखाली काय आहे ते तपासायचं आणि त्याचा खर्चही त्यानेच करायचा. तेव्हापासून तिथल्या बहुतेक पुरातत्त्वज्ञांचं पोट रस्ते आणि इमारतींच्या कामांवर चालतं. आपल्याकडे संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगी, एवढाच २०१०चा कायदा. बाकीच्या रानावनात कुणी विचारत नाही. समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेडराजावरून गेला. केवढी माती हलली असेल! त्या मातीत काय होतं हे बघायला जाणकार माणूस उभा करा, असं सांगणारा नियमच नव्हता.

भोनचं तर तुला मी सांगायला नको. आपल्याच जिल्ह्यातलं, पूर्णेच्या काठचं गाव. डेक्कन कॉलेजच्या डॉ. भास्कर देवतारे यांनी तिथे काही हंगाम खोदलं आणि विटांचा बौद्ध स्तूप उजेडात आला. अभ्यासक त्याचा काळ इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापर्यंत मागे नेतात. एवढ्या जुन्या वसाहतीवर जिगाव धरणाच्या पाण्याची टांगती तलवार आहे. आंध्रात नागार्जुनसागर भरायच्या आधी, १९५४ ते १९६० अशी सहा वर्षं सरकारने नागार्जुनकोंडा खोदून काढलं आणि महत्त्वाच्या वास्तू टेकडीवर उचलून नेल्या. ती टेकडी आज बेट आहे, लोक होडीने बघायला जातात. तिथे जमलं ते भोनला का जमू नये, हे ठणकावून विचारायला आपल्याकडचं, शिकलेलं माणूस लागतं. मला यात पोरगी दिसते, हे मी लपवत नाही.

सिंदखेडराजाचं ताजं उदाहरण घे. २०२४ साली केंद्रीय खात्याचे लोक लखुजीराजांच्या समाधीच्या जतनाचं काम करत होते. तिथे काही दगड वेगळे दिसले. खोदलं तर आधी देवळाचा सभामंडप लागला आणि मग १.७ मीटर लांबीची शेषशायी विष्णूची मूर्ती. दगड वेगळा आहे हे ज्याला कळतं असा माणूस तिथे होता म्हणून मूर्ती मिळाली. एरवी ते दगड कुणाच्या तरी पायव्यात गेले असते. लोणारला, मेहकरला, सातगाव भुसारीला जुनी देवळं आहेत, आणि गावोगावच्या पारांवर शेंदूर फासलेल्या मूर्ती नुसत्या पडून आहेत. त्यांची साधी यादी करायची म्हटली तरी पोरीला कित्येक वर्षं काम पुरेल.

तू संत्र्याची बाग लावलीस तेव्हा पहिल्या फळाला पाच वर्षं थांबलास. मधल्या काळात आंतरपीक घेऊन घर चालवलंस. पोरीच्या बाबतीतही तेवढीच तयारी ठेव. तिला पाठव, माझं स्पष्ट मत आहे. पण रिकाम्या हाताने पाठवू नकोस. तिने एम.ए. करताना दोन गोष्टी शिकून घ्याव्यात. एक, मोडी किंवा ब्राह्मी, म्हणजे लिपी वाचणारं माणूस म्हणून तिची कुठेही गरज पडेल. दोन, संगणकावर नकाशे करणं. जीआयएस येणाऱ्याला पुरातत्त्वाबाहेरही काम मिळतं, पाटबंधाऱ्यात मिळतं, शेतीच्या सर्वेक्षणातही मिळतं. एमपीएससी-यूपीएससीचा अभ्यास सोडायचा नाही. यूपीएससीत इतिहास विषय घेतला तर पहिल्या पेपरातला बराच भाग प्राचीन काळाचाच असतो, जुन्या स्थळांच्या नकाशाच्या प्रश्नासकट. आणि एम.ए.नंतर चार वर्षांनी तुम्ही तिघं बसून पुन्हा विचार करा. तोवर तिला ‘कुठे लागलीस का’ हे कुणी विचारायचं नाही, स्थळंही आणायची नाहीत.

उत्खननाच्या शिबिरात तंबूत राहावं लागतं म्हणून तू कचरतोस, हे मला त्या दिवशी तुझ्या आवाजावरून कळलं. तिथे शिक्षक असतात, बरोबर मुलीही असतात. इतकी वर्षं मुली जातायत आणि शिकतायत. तुझ्या पोरीने हरभऱ्याच्या राखणीला रात्री काढल्या आहेत, तिला तंबूचं काय?

माझी पेन्शन आहे. अडीच लाखांतला निम्मा भार मी उचलते, त्यावर वाद नको. तू एवढंच कर. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल आणि लागत असेल तर नॉन-क्रिमिलेअर याच आठवड्यात सेतू केंद्रातून काढून घे. प्रवेशाचे अर्ज सुटले की सेतूत रांगा लागतात आणि शिष्यवृत्ती दाखल्यावाचून अडते.

तुझी,
ताई